डोळे आले म्हणून स्वस्थ बसू नये
(आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही, हे आम्ही जाणतो. तथापि जे आमच्या घरी घडले ते सांगण्याचा अधिकार प्रत्येकास असतो. आमचे थोरले बंधू दादा यांच्या संमतीनेच हे सांगत आहोत; ते समोर बसले आहेत.

सन २०२२ च्या सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत दादांच्या तळपायात धसकट घुसले. दादांना मधुमेह फार वर्षांचा. अशा रोग्याच्या पायांची संवेदना हळूहळू नाहीशी होते, त्यामुळे जखम झाल्याचे त्यांस कळलेच नाही. पुढे थोडा ताप आला, आणि एके सकाळी उजवा डोळा लाल होऊन ठणकू लागला. वहिनी म्हणाल्या, डोळे आले असतील. आमच्यापाशी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली थेंबांची बाटली होती. ती आम्ही स्वहस्ते दादांच्या डोळ्यांत घातली. “थंड लागून राह्यलं,” असे दादा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी लाली किंचित उतरलेली पाहून आम्हांस धन्यताही वाटली. तिसऱ्या दिवशी दादांना त्या डोळ्याने माणूस ओळखू येईना.

अकोल्यास नेले. तेथील नेत्रतज्ज्ञांनी डोळा तपासला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा की, अंगावर कोठे जखम, गळू काही आहे काय? मोजे काढले तेव्हा तळपायात पू सापडला. पायातील जंतू रक्तावाटे डोळ्याच्या गोलकात शिरले होते. बाहुलीच्या मागे काचेसारखा स्वच्छ गर असतो, त्यात ते वाढले. सुईने त्या गराचा नमुना काढून तपासला तेव्हा स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू निघाला. हा पुष्कळांच्या नाकात व त्वचेवर निरुपद्रवीपणे राहत असतो. या विकारास वैद्यकात एंडोजिनस एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात. तो विरळा आहे. पण मधुमेह, कर्करोगावरील औषधे, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण, दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड अशा कारणांनी ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे, त्यांना तो गाठतो. रक्तातील साखर चढली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात.

डोळ्याच्या गोलकात प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली, शिरेतूनही औषध चालले, पाय चिरून पू काढला, इन्सुलिनने साखर उतरवली. प्राण वाचले, डावा डोळा वाचला. उजव्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढेच कळते.

आमच्या त्या बाटलीत स्टिरॉइड होते. ते लाली दडवते, जंतू मारत नाही. उलट त्यांस मोकळीक देते. शिवाय बाटली उघडून कित्येक महिने झाले होते, आणि एकदा उघडलेली बाटली साधारण महिन्याभरात टाकून द्यावयाची असते. डोळा थेंबांमुळे गेला की वाया गेलेल्या तीन दिवसांमुळे, असे आम्ही डॉक्टरांना विचारले. दिवसांमुळे, असे ते म्हणाले. ते आमच्या समाधानासाठी तसे बोलले असावेत, असे आम्हांस अजूनही वाटते.

येथे कित्येकांना २०२१ सालची काळी बुरशी आठवेल. करोनातून उठलेल्या रोग्यांच्या नाकावाटे ती डोळ्याच्या खोबणीत उतरे, आणि अनेकांचे डोळे काढावे लागले. तेव्हाही साखर व स्टिरॉइड यांचीच जोडी पुष्कळ ठिकाणी होती. मात्र ती बुरशी होय, जंतू नव्हे. तिला अँफोटेरिसिन लागे. जंतूंवरील प्रतिजैविक तिच्यावर चालत नाही. म्हणून नमुना तपासणे अगत्याचे. आपल्या शेतातील मातीतही नोकार्डिया नावाचा जंतू असतो. बुबुळाला कचरा लागून तो शिरला तर बुरशीसारखाच भासतो, आणि त्याचे औषध निराळेच असते. दुकानदाराने काउंटरवरून दिलेल्या बाटलीने हा निवाडा कसा व्हावा?

साधे डोळे आले असता चिपडे येतात, खुपते, पण चिपड पुसल्यावर दिसते पूर्ववत. दृष्टी धूसर झाली, डोळा आतून ठणकला, उजेड सहन होईना, किंवा सोबत ताप असला, तर मधुमेह्याने रात्र काढू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि मधुमेह असल्याचे आपणहून सांगावे. आपल्याकडे मुलीचे लग्न ठरावयाचे असले की घरातील साखर लपवण्याची रीत आहे. निदान डॉक्टरांपासून ती लपवू नये.

वहिनी आता रोज रात्री दादांचे तळपाय पाहतात. वाकवत नाही म्हणून खाली आरसा धरतात. गेल्या पौषात त्यांना टाचेची एक भेग सापडली, तेव्हा दादा कुरकुरत होते, पण दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेले.