गोळी चालू आहे? मग चूर्ण घेण्याआधी विचारा
(शिरगाव येथे महिला बचत गटांच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



हप्त्यांचं, कर्जाचं बोलून झालं. आता दहा मिनिटं अशा विषयाला द्या, जो आपण चारचौघींत काढत नाही. पाळणा लांबवायची गोळी.

आपल्यातल्या बऱ्याच जणी माला-एन घेतात. त्याचबरोबर कुणी वजनाचं चूर्ण घेतं, कुणी ताकदीची पावडर. "झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?" असं आपण म्हणतो. पण जे गुण देतं, ते दुसऱ्या औषधाच्या कामात आडवंही येऊ शकतं.

गोळी कशी काम करते बघा. तिच्यातलं औषध पोटातून रक्तात जातं. रक्तात ते रोज पुरेसं राहिलं, तर स्त्रीबीज बाहेर पडत नाही. हे प्रमाण दोन वाटांनी कमी होतं.

पहिली वाट पोटाची. वजन कमी करायच्या, पोट साफ करायच्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. जास्त झाली की जुलाब लागतात. जोराचे जुलाब दिवसभर चालले किंवा गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली, तर गोळी अंगी लागली असं धरू नका.

दुसरी वाट यकृताची. काही औषधं यकृताला जास्त जोरात कामाला लावतात आणि ते गोळीतलं औषध लवकर संपवून टाकतं. सेंट जॉन्स वर्ट नावाची एक वनस्पती परदेशात मन उदास असताना घेतात. तिच्यामुळे गोळीचा असर कमी होतो, असा इशारा ब्रिटन-अमेरिकेच्या औषध खात्यांनी 2000 सालीच दिला. आता ती ऑनलाइन मिळते, म्हणून डब्यावरचं नाव पोरीबाळींकडून वाचून घ्या.

आपल्याकडे याहून मोठा प्रश्न टीबीच्या औषधाचा. त्यातलं रिफाम्पिसिन, ज्यानं लघवी लालसर होते, तेही हेच करतं. ते थांबल्यावरही साधारण महिनाभर असर राहतो. फिट्सच्या काही गोळ्यांचंही तसंच. म्हणून टीबीचं औषध सोडायचं का? अजिबात नाही. गोळीऐवजी दुसरा उपाय घ्यायचा. तांबीला या औषधांनी बाधा येत नाही. तीन महिन्यांनी घ्यायच्या अंतरा इंजेक्शनचंही काम चालू राहतं. तुम्हाला काय मानवेल ते डॉक्टर सांगतील.

आणि घरातल्या हळदीला, मेथीला घाबरू नका. भाजी-आमटीत पडतं तेवढ्यानं काही बिघडत नाही. चूर्ण-कॅप्सूलमध्ये तेच पुष्कळ पटीनं असतं, म्हणून तिथं विचारायचं.

आता आपल्याच घरचं बोलते. आपल्यातल्या काही जणी असे डबे विकतात. चार पैसे मिळतात, मुलांची फी भागते. विकू नका असं मी म्हणत नाही. पण विकताना एक प्रश्न विचारा, "ताई, तुमची कुठली गोळी चालू आहे का?" गिऱ्हाईक आपलीच शेजारीण असते. नको असताना दिवस गेले, तर निस्तरावं तिलाच लागतं.

गुरुवारी साईबाबांच्या मंदिराकडे गर्दी असते. हार-प्रसाद विकता विकता रात्र होते अन् गोळी राहून जाते. एक राहिली तर आठवल्याबरोबर घ्या. दोन-तीन राहिल्या किंवा जुलाब-उलट्या झाल्या, तर गोळ्या चालू ठेवून सात दिवस निरोध वापरा. संबंध आधीच आला असेल तर लाजू नका, आशाताईंना लगेच गाठा. तातडीची गोळी 72 तासांच्या आत घ्यावी लागते, जितकी लवकर तितकी बरी. पाळी चुकली, तर तपासणीचं निश्चय किटही त्यांच्याकडे असतं.

दवाखान्यात जाताना घरातली सगळी औषधं, चूर्णाच्या डब्यांसकट, एका पिशवीत घेऊन जा. नावं पाठ नसली तरी चालतं, डॉक्टर डबा बघतील. सासूबाईंसमोर बोलता येत नसेल, तर आशाताईंना बाजूला घेऊन सांगा.

बचतीचा हिशोब आपण पै-पैचा ठेवतो. अंगात काय जातं, त्याचाही ठेवू या.