वॉरंटी संपली म्हणजे टीव्ही संपला का?

(गुंजवणे येथील मासिक बैठकीतले बोलणे)

मागच्या बैठकीत एका ताईंनी कर्जाच्या अर्जात कारण लिहिलं, ‘नवीन टीव्ही’. जुन्याची वॉरंटी नुकतीच संपलेली. मी विचारलं, “बिघडलंय काय?” त्या म्हणाल्या, “आवाज येतो, चित्र नाही.”

कर्ज काढण्याआधी एवढं करा. अंधारात चालू टीव्हीच्या पडद्यावर बॅटरी तिरकी धरा. पुसट चित्र दिसलं, तर बहुतेक पडद्यामागची लाईट गेलेली असते. तिच्या पट्ट्या बदलता येतात. पडदाच फुटला असेल तर मात्र खर्च फार. झाकण घरी उघडू नका, आत करंट राहतो. दुरुस्तीचा आकडा आधी लिहून घ्या.

बिल जपून ठेवा. टीव्हीत मूळचाच दोष असेल, तर वॉरंटी संपली तरी दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवा. दाद नाही मिळाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

आणि पावसाळ्यात विजा कडाडल्या की प्लग काढा.

गटाचा पैसा शेळीला, शिलाई मशीनला लागू दे. टीव्ही आधी कारागिराला दाखवू.