फ्लॅट आपला, जिना सगळ्यांचा

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे, पण आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरून दोन महिने जे रामायण चाललं, ते पाहून मला वाटलं, एक भाग करायलाच पाहिजे. प्रश्न साधा आहे. तुमचा फ्लॅट रिकामा पडलाय. तो ॲपवर टाकून एका रात्रीसाठी, दोन रात्रींसाठी भाड्यानं देता येतो का? आणि बिल्डिंगवाले नको म्हणाले, तर त्यांचं ऐकावं लागतं का?

आमचा फ्लॅट माळशिरसला आहे. तीन मजले, नऊ फ्लॅट, लिफ्ट नाही, गच्चीवर पाण्याची टाकी एकच. आई-बाबा मळ्यातल्या घरात राहतात, मी नोकरीसाठी पुण्यात, त्यामुळं फ्लॅट जवळजवळ वर्षभर बंद. आळंदी-पंढरपूर पालखी मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५, माळशिरसवरूनच जातो. पंढरपूर पन्नासेक किलोमीटरवर. एकादशीच्या आसपास पंढरपुरात खोली मिळणं किती अवघड असतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. बाबांच्या डोक्यात आलं, की गाडीनं येणारी कुटुंबं एक रात्र इथं उतरतील, पहाटे उठून दर्शनाला जातील. लग्नसराईतले पाहुणेही मिळतील.

आईनं एक गोष्ट आधीच कापून टाकली. माउलींची पालखी नातेपुत्याहून निघते, माळशिरसला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी वेळापूरला जाते. त्या दिवसांत पैसे घ्यायचे नाहीत. फ्लॅट दिंडीतल्या बायकांना अंघोळीला, झोपायला मोकळा. यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. प्रश्न उरलेल्या दिवसांचा होता.

बाबांनी बिल्डिंगमध्ये विषय काढला आणि ग्रुपवर मेसेज आला, "सोसायटीच्या नियमानुसार एक-दोन दिवसांचे भाडेकरू ठेवण्यास सक्त मनाई आहे." मी विचारलं, कुठला नियम? कलम पाठवा. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज पुन्हा आला, या वेळी तीन उद्गारचिन्हांसह.

आता नीट ऐका, कारण बहुतेकांची गाडी इथंच अडते. आपण सगळ्याच बिल्डिंगला "सोसायटी" म्हणतो. कायद्याला ते चालत नाही. तुमची इमारत १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था असेल, तर तिच्याकडं निबंधकाचं नोंदणी प्रमाणपत्र आणि मंजूर उपविधी असतात. ती १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची असेल, तर दुय्यम निबंधकाकडं नोंदलेलं घोषणापत्र असतं आणि त्याला नियम जोडलेले असतात. आणि तिसरा प्रकार म्हणजे काहीच नाही. बिल्डर पैसे घेऊन गेला, लोक राहायला आले, गेटवर पाटी लागली, कागद शून्य. तालुक्याच्या गावात हा तिसरा प्रकार हवा तेवढा सापडतो. आमची निघाली दुसऱ्या प्रकारातली. घोषणापत्र आमच्याच खरेदीखताच्या फायलीत होतं. त्यात लिहिलंय, वापर राहण्यासाठीच करायचा आणि शेजाऱ्यांना उपद्रव होऊ द्यायचा नाही. भाड्यानं देण्यावर बंदी नाही. आता एका रात्रीचा पाहुणा म्हणजे "राहणं" की "धंदा", यावर दोन वकील सुखानं दोन तास भांडतील.

पण कागदावर असलेला नियम हलका समजू नका. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात सभासदत्व पारशी समाजापुरतं ठेवणारा उपविधी चालवून घेतला. निकाल पटो न पटो, त्यातून एक गोष्ट कळते. नोंदलेले उपविधी मान्य करून तुम्ही आत आलात, की ते तुम्हाला बांधतात. सहकारी सोसायटीला नवा उपविधी करायचा तर सर्वसाधारण सभेत तो मंजूर व्हावा लागतो आणि निबंधकाकडं त्याची नोंद व्हावी लागते. तोपर्यंत चेअरमनचा मेसेज हा चेअरमनचा मेसेज असतो.

मग सहकारी सोसायटीत राहणाऱ्यांचं काय? महाराष्ट्राच्या २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. मात्र आठ दिवस आधी कळवायचं, सोबत कराराची प्रत आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. शिवाय १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं, करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे. नसेल तर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सगळं अकरा महिन्यांच्या भाडेकरूला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. ॲपवरचं बुकिंग दुपारी येतं आणि माणूस संध्याकाळी दारात उभा असतो. त्याच्यासाठी आठ दिवस आधी कोण कळवणार? म्हणजे थेट मनाई कुठं दिसत नाही, पण नियम पाळायचा म्हटलं तर पाळता येत नाही, अशी ही कात्री आहे.

भाडे नियंत्रण कायद्यात एक व्याख्या मात्र मला फार कामाची वाटली. लायसन्सवर राहणारा कोण, हे सांगताना कायदा पेइंग गेस्टला वेगळा काढतो. आणि पेइंग गेस्ट कोण? तर मालक स्वतः ज्या घरात राहतो, त्यातला काही भाग ज्याला वापरायला दिलाय तो. मालक स्वतः राहतो, हे महत्त्वाचं. केंद्र सरकारच्या 'इन्क्रेडिबल इंडिया' बेड अँड ब्रेकफास्ट योजनेतही अट तीच, मालकाचं कुटुंब त्याच घरात पाहिजे, आणि खोल्या जास्तीत जास्त सहा. न्यूयॉर्कनं सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीची सक्ती केली. तीस दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर यजमान घरात हजर पाहिजे आणि पाहुणे फार तर दोन. शेजारच्या गोव्यात १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडं नोंद करावी लागते. बार्सिलोनाच्या महापौरांनी तर २०२४ मध्ये जाहीर करून टाकलं, की २०२८ पर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळे परवाने बंद.

माळशिरसच्या गप्पांत बार्सिलोना कशाला, असं बाबाही म्हणाले. पण आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी, निवृत्त शिक्षक आहेत ते, न्यूयॉर्कचा कायदा न वाचता तोच प्रश्न विचारला. "तू पुण्यात, बाबा मळ्यात. रात्री अकराला पाहुणा चुकून माझी बेल वाजवणार. त्याला उत्तर कोणी द्यायचं?" याला माझ्याकडं कलम नव्हतं. आणि दुसरं, पाणी. सहा माणसं पहाटे चारला उठून अंघोळ करून पंढरपूरला निघाली, की सात वाजता शाळेच्या पोरांना टाकीत पाणी नाही. हा आकस नाही, साधा हिशोब आहे.

पैशाचा मुद्दाही निघालाच. प्रत्येक पाहुण्यामागं रोज ३०० रुपये बिल्डिंगला द्या, असा एक प्रस्ताव आला. सहकारी सोसायट्यांसाठी १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मुंबई हायकोर्टानं २००७ मध्ये मॉन्ट ब्लँक सोसायटीच्या प्रकरणात हा आदेश कायम ठेवला. म्हणजे महिन्याचं सेवा शुल्क ७०० असेल तर शुल्क ७० रुपये, आणि महानगरपालिकेचा किंवा नगरपंचायतीचा कर त्यात धरायचा नाही. आमचं अपार्टमेंट असल्यानं हा आदेश आम्हाला थेट लागू होत नाही, हे मी सभेत स्वतःहून सांगितलं. बाबा तेव्हा माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते ते सोडा.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. कोणीतरी म्हणालं, येणाऱ्या प्रत्येकाच्या आधारचा फोटो ग्रुपवर टाका, सुरक्षेसाठी. अजिबात नाही. नऊ घरांतले पंचवीस फोन, त्यातले निम्मे पोरांच्या हातात, प्रत्येक गॅलरीत अनोळखी माणसाचा आधार क्रमांक. आधारच्या साइटवरून मास्क्ड आधार निघतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ते मालकानं बघावं, वहीत नाव, गाव, गाडी नंबर लिहावा, पोलिसांनी मागितली तर वही दाखवावी. परदेशी पाहुणा आला तर मात्र चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावीच लागते, त्यात सूट नाही.

शेवटी गच्चीवर सभा झाली. ठरलं ते असं. चावी पायपुसण्याखाली किंवा नंबरच्या कुलपात ठेवायची नाही, बाबांनी स्वतः येऊन दार उघडायचं आणि पाहुणे असतील त्या रात्री तिथल्याच एका खोलीत झोपायचं. पाहुणे चारपेक्षा जास्त नकोत. आमच्या फ्लॅटपुरती हजार लिटरची वेगळी टाकी आमच्या खर्चानं. पाहुण्याची गाडी गेटच्या आत नाही. रोजचे ३०० नाहीत, पण जिन्याची झाडलोट आणि दिवा याचं महिन्याचं बिल आम्ही भरायचं. कार्तिकीपर्यंत करून बघायचं, मग पुन्हा सभा.

बाबा आठवड्यातून दोन-तीन रात्री मळा सोडून फ्लॅटवर झोपतात. उसाला रात्रीची लाइट असली की बुकिंग बंद ठेवतात, त्यामुळं कमाई बाबांनी मनात धरली होती त्याच्या निम्मीही नाही. सभेत सहा बाजूनं, दोन विरोधात, एक कुटुंब बाहेरगावी. काकांनी विरोधात सही केली, आणि विरोध का आहे हेही इतिवृत्तात लिहा म्हणाले. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, सहा ओळी झाल्या.