पाणी वेळेवर येतं

(वसंत व्याख्यानमाला, कल्याण. व्याख्यानाचं शब्दांकन.)



सुरुवातीलाच एक विचारतो. आज ठाण्याहून कोण कोण आलंय? हात वर करा. बरेच आहेत. तुम्ही मंडळी बेटावरून आला आहात. हसू नका, भूगोल तसंच सांगतो. साष्टी हे बेट आहे. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, आणि जुनं ठाणं या बेटाच्या काठावर वसलेलं. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी बेटांवरच फिरली. पुढच्या वर्षी, १८५४ साली, ती खाडी ओलांडून कल्याणला आली, तेव्हा कुठे आगगाडीनं मुख्य भूमीला पाय लावला. हे ऐकून कल्याणकरांची मान जरा ताठ होते, असा माझा अनुभव आहे.

पण ठाणेकराला आपण बेटावर राहतो हे आठवत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. चारी बाजूंनी पाणी ही शाळेतली व्याख्या झाली. घरातून निघण्याआधी ज्याला पाण्याला विचारावं लागतं तो बेटकरी, ही माझी व्याख्या. पुलांनी ठाणेकराची त्यातून सुटका केली. सगळ्यांची नाही केली. नायगाव आणि भाईंदर या स्टेशनांच्या मधे गाडी दोन पूल ओलांडते. त्या दोन पुलांच्या मधे जी जमीन लागते ती म्हणजे पाणजू. वसईच्या खाडीतलं, माणसांनी भरलेलं, नांदतं गाव. रोज लाखो लोक त्याच्या अंगावरून जातात, एकही गाडी तिथे थांबत नाही. गावकऱ्यांना नायगावला जायचं तर होडी, नाहीतर रेल्वेच्या पुलाकडेनं जीव मुठीत धरून चालणं. खाडीत निर्माल्य टाकायचं म्हणून गाडीतून भिरकावलेल्या नारळानं या पुलावर चालणाऱ्या माणसाचा जीवही गेलेला आहे. पुण्य कमावण्याची ही रीत मला अजून कळलेली नाही.

खाडीतल्या अशा लहान बेटाला कोकणात जुवे म्हणतात. राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीत जुवे नावाचं इवलंसं गाव आहे, गोव्यात मांडवीच्या पात्रात जुवें आहे, आणि मुंबईचं जुहू हेही याच शब्दाचं भावंड. जू नावाचं एक गाव आपल्या शेजारी खडवलीजवळही आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

माझ्या आत्याचं घर अशाच एका खाडीकाठच्या गावात आहे. गावाचं नाव घेत नाही, तुम्हाला माहीत असलेल्या कुठल्याही गावाचं त्या जागी घाला. आत्या शाळेत दुसरीपर्यंत गेली, पण तिच्या डोक्यात भरती-ओहोटीचं पंचांग आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, तेवढंच पाणी रोज मागे सरकतं. मिनिटामिनिटाचा हिशेब यात नसतो, पण होडी लावायला पुरतो. मुंबईच्या किनाऱ्यावर हे गणित बरोबर बसतं. खाडीत जसजसं आत यावं तसतसा उशीर धरायचा, हेही तिला ठाऊक.

तर या आत्याला मी एकदा मोठ्या शहाणपणानं विचारलं, हवामान बदललंय असं तुला जाणवतं का? ती म्हणाली, ‘‘पानी टायमावर येतं रं बाबा, पन टायमावर जात नाय.’’

या विषयावर मी बरंच वाचलं आहे. इतक्या थोडक्यात इतकं नेमकं कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही. आजचं व्याख्यान म्हणजे या एका वाक्याचा अर्थ लावण्याची खटपट आहे.

पाणी वेळेवर येतं, कारण वेळ चंद्र ठरवतो आणि चंद्राचं काही बिघडलेलं नाही. मग जात का नाही? आधी समुद्राकडे बघू. १९९३ ते २०१५ या काळात उत्तर हिंदी महासागराची पातळी वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरनं वाढली, असं आपल्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे. तीस वर्षांचे झाले दहा सेंटिमीटर. चार-पाच बोटं म्हणा. मुंबईच्या उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, तिथे चार बोटांचं काय कौतुक, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण खारभूमीचा बांध कसा बांधतात ते बघा. आजवर पाहिलेल्या मोठ्यातल्या मोठ्या उधाणाच्या वर हात-दीड हात माती चढवायची, बस. त्यातली चार बोटं समुद्रानं खाल्ली, चार बोटं पावसानं आणि खेकड्यांच्या बिळांनी, की वर्षातून एखाद्या दिवशी माथ्याला टेकणारं पाणी मग पाच-सहा दिवस टेकायला लागतं. आणि मातीच्या बांधावरून पाणी एकदा वाहिलं की खांड जाते, म्हणजे बांध फुटतो. खांड गेलेला बांध महिन्याभरात निम्मा उरत नाही.

खरी गोम उघाडीत आहे. बांधाच्या पोटात ठेवलेल्या दाराला खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, उघाडी म्हणतात. फार हुशार वस्तू आहे. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं झडप बाहेर ढकलली जाते आणि शेतातलं, गावातलं पावसाचं पाणी खाडीत पडतं. भरती आली की बाहेरचं पाणी तीच झडप लावून घेतं. वीज नको, माणूस नको. मात्र ही झडप उघडते ती बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेलं तरच. खाडीची पातळी वाढली, तळ गाळानं भरला, की तेवढा वेळ कमी होतो. पूर्वी जिथे तीन-चार तास पाणी वाहून जायचं तिथे दोन तास मिळतात, आणि नेमक्या त्याच वेळी ढगफुटीसारखा पाऊस कोसळत असेल तर ते पाणी पुढच्या ओहोटीपर्यंत घरातच मुक्कामाला. आत्या म्हणते ते हेच. पाणी आलं कसं, याचं तिला नवल नाही. जायची वाट बंद झाली, हे तिचं दुखणं आहे.

आता वाट बंद कोणी केली? इथे खाडीकाठचे लोक आणि आपण सुशिक्षित लोक यांच्यात मतभेद सुरू होतो. आपण म्हणतो, हवामानबदल. ते म्हणतात भराव, रेती, बांध. परिषदांमधून मग असं मांडलं जातं की लोकांना कारणांची पुरेशी जाण नाही, त्यांचं प्रबोधन करायला हवं. मला हे उलटं वाटतं. अरबी समुद्र तापतो आहे, चक्रीवादळं वाढली आहेत, यात शंका नाही. २००९ चं फयान, जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते, ही नावं आता शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. पण खाडीकाठच्या घरात पाणी शिरायला समुद्राइतकाच आपणही हातभार लावला. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते आणि खाडी होते. तिचं पूर पसरायचं मैदान आपण इमारतींखाली घातलं. त्या इमारतींची रेती कुठून आली? याच खाडीतून. जुन्या काळी माणसं बुडी मारून घमेल्यानं रेती काढत, तिला हातपाटीची किंवा डुबीची रेती म्हणतात. त्यानं खाडीचं फार बिघडत नव्हतं. मग सक्शन पंप आले, आणि काठच्या जमिनी ढासळून खाडीत पडू लागल्या. मीही त्याच रेतीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, तेव्हा हे तक्रार म्हणून सांगत नाही, कबुली म्हणून सांगतो. हवामानबदल हा शब्द काही लोकांच्या मोठ्या सोयीचा आहे. त्यात कोणाचंच नाव घ्यावं लागत नाही.

बांधाचंही तसंच. आपल्या या पट्ट्यात खाडी अडवून जमीन करण्याची विद्या फार जुनी आहे. आगरी हे नावच मिठाच्या आगरावरून आलं. शिलोत्तर नावाची जमीनधारणेची एक जुनी पद्धत होती, त्यात बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी आणि त्याचा खर्च ठरलेला असे. अलिबागच्या खारेपाटात याच कामासाठी जोळ होती. घरटी एक माणूस कुदळ-घमेलं घेऊन बांधावर, नाही आला तर दंड. १९४८ साली खारभूमीचा कायदा झाला, पुढे १९७९ चा आला, आणि बांध सरकारचे झाले. हेतू चांगलाच होता. पण मधल्या मधे जोळ मोडली, आणि सरकारी बांध फुटला की तो कोणाचाच नसतो. मग खारं पाणी शेतात, भात बंद, चार वर्षांत शेतात तिवर उगवतं. तिवर उगवलं की ते कांदळवन, आणि कांदळवन तोडायला बंदी. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयानं ती अधिक कडक केली. ती हवीच. कांदळवन नसेल तर वादळात किनारा उघडा पडतो. पण ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेत आहे आणि डोळ्यांसमोर जंगल, त्या माणसाला आपण काय सांगणार? मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

बरं, या सगळ्यात घरं काय करतात? आत्याच्या घराचं जोतं तीन टप्प्यांत उभं राहिलं. पहिलं दगडाचं, आजोबांनी बांधलेलं. २६ जुलै २००५ नंतर त्यावर दोन थर विटा चढल्या. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. तिसऱ्यांदा पुन्हा दीड वीत. दर वेळी जोतं वर गेलं, छप्पर तिथेच राहिलं, त्यामुळे आता त्या घरात मला वाकून जावं लागतं. विजेचं बटण खांद्याच्या उंचीवर आहे. फ्रिज लोखंडी घडवंचीवर बसलाय. तांदळाचं पिंप माळ्यावर. रेशनकार्ड, आधार, सातबारा प्लास्टिकच्या जाड पिशवीत खिळ्याला टांगलेले, देवाच्या तसबिरीशेजारी. विहिरीचं पाणी खारट झाल्यापासून प्यायचं पाणी बाहेरून येतं. गॅसचा सिलिंडर संपायच्या आत आणायचा, तोही तिथी बघून. दोन मुलांपैकी एकानं स्टेशनजवळ भाड्यानं खोली घेतली आहे. बाहेरच्याला वाटतं, पोरगा आईला सोडून गेला. तसं नाही. ते त्या घराचं विम्याचं कलम आहे. पाणी चढलं तर जायला एक जागा असावी, म्हणून महिन्याचं भाडं भरायचं.

यातलं काहीही कुठल्याच सरकारी हिशेबात येत नाही. पुराच्या मदतीत घर किती तास पाण्यात होतं हा प्रश्न नेहमी येतो. दोन दिवसांची अट होती, मोठ्या पुरानंतर ती शिथिल करावी लागली. भरतीचं पाणी उशिरा गेलं तरी दोन दिवस थांबत नाही. पंचनामा करणारा येईपर्यंत आत्यानं चिखल काढून, सारवून, चहा ठेवलेला असतो.

आता त्या खडवलीच्या जू-कडे. जू-नांदखुरी. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात नदीच्या पुरानं हे गाव असं वेढलं की होड्याही पोहोचेनात. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं ५८ माणसं उचलली, त्यात लहान मुलं होती. त्याच्या आठच दिवस आधी, २७ जुलैला, बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी होती आणि हजारावर प्रवासी आत अडकले होते. त्याच दिवशी आपल्या कांब्याजवळ पेट्रोलपंपावर लोक अडकले. गावाचं नाव जू कसं पडलं याचा कागद माझ्याकडे नाही, पण मला वाटतं पूर्वजांनी ती जागा पाण्यानं वेढलेली बघूनच नाव ठेवलं असावं. नावातली सूचना आपण वाचली नाही. आणि कांबा, म्हारळ, वालधुनीचा काठ, रेतीबंदर, ही तर आपल्या गावातली पावसाळी जुवी झाली. दर वर्षी काही तासांपुरता कल्याणकरही बेटकरी होतो. मघाशी ताठ झालेली मान आता जरा सैल सोडायला हरकत नाही.

बाहेरच्या जगाचं दोन वाक्यांत सांगतो. पनामामध्ये गुना लोकांच्या गार्दी सुगदुब या चिमुकल्या बेटावरची सुमारे तीनशे कुटुंबं २०२४ च्या जूनमध्ये मुख्य भूमीवर नव्या वसाहतीत गेली. सुंदरबनातल्या घोडामारा बेटावरचे लोक कित्येक वर्षं एकेक करून जातच आहेत. पहिल्यांना घरं मिळाली, बातमी झाली. दुसऱ्यांची गोष्ट आपल्या आत्यासारखी आहे, एक खोली भाड्यानं, मग दुसरी, मग एक दिवस मूळ घराला कुलूप.

प्रश्नोत्तरांना वेळ हवा म्हणून थांबतो. फक्त एक. आज वैशाख शुद्ध त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा, आणि खाडीतून इथवर यायला आणखी काही वेळ. आपला कार्यक्रम साडेआठला संपेल. घरी जाताना वाट वाकडी करून दुर्गाडीच्या पुलावर पाच मिनिटं उभे राहा आणि जलपर्णीकडे बघा. नदी समुद्राकडे वाहते असं आपण शिकलो आहोत. ती जलपर्णी तुम्हाला उलटी, बदलापूरच्या दिशेनं जाताना दिसेल.