विलायतेतील खपाची गाणी

विलायतेत गाण्याची लोकप्रियता पूर्वी छापील स्वरलिपीच्या खपावरून अजमावीत. ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीची पहिली फेरिस्त 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाने नोव्हेंबर १९५२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तीही कोणत्या सरकारी दप्तरातून नव्हे, तर सुमारे वीस दुकानदारांना दूरध्वनी करून जमविलेल्या आकड्यांवरून. पुढे १९६३ साली बीटल्सच्या 'शी लव्ज यू'ने जो उच्चांक प्रस्थापित केला, तो चौदा वर्षे अबाधित राहून अखेर १९७७ मध्ये त्याच वाद्यवृंदातील पॉल मॅकार्टनी यांच्या 'मल ऑफ किंटायर'ने मोडला. १९८४ चे विक्रमी गीत इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ निघाले होते. पण या सर्वांवर मात केली ती १९९७ साली राजवधू डायना यांच्या अपघाती निधनानंतर एल्टन जॉन यांनी गायिलेल्या शोकगीताने, ज्याच्या सुमारे ४९ लाख प्रती एकट्या ब्रिटनमध्ये खपल्या. प्रेमगीतांनी गजबजलेल्या या बाजारात अग्रपूजेचा मान विलापाला मिळावा, हे मोठे नवलच! या बाजाराशी आपलाही एक धागा जुळतो: १९७५ व १९९१ असे दोनदा अग्रस्थानी आलेले 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गीत लिहिणाऱ्या व गाणाऱ्या फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीस झाले होते.