एका प्रश्नात सापडणारा आजार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



चाळिशी ओलांडलेली एक गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. गेली दहा-बारा वर्षे तिचा थकवा जात नाही. उन्हाळ्यातही अंगावर शाल लागते. चेहरा फिकट, त्वचा कोरडी, भुवया विरळ झालेल्या. शेवटच्या बाळंतपणानंतर मासिक पाळी आलीच नाही. घरच्यांनी ‘लवकर गेली’ एवढे म्हणून विषय संपविला. रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या, शक्तीची इंजेक्शने झाली, कोणी मनाचा आजारही ठरविला. मग एके दिवशी साध्या तापात उलट्या होऊन ती बेशुद्ध पडते. रक्तातील सोडियम फार कमी आणि साखरही उतरलेली आढळते. सलाईन लागते, ती सावध होते, घरी परतते. आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच.

ही स्त्री काल्पनिक आहे. परंतु अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांना ती चांगली ओळखीची आहे. तिच्या आजाराचे नाव शीहान सिंड्रोम.

मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका लहानशा खोबणीत पीयूषिका, म्हणजेच पिट्युटरी ग्रंथी वसलेली असते. आकार वाटाण्याएवढा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण थायरॉईड, मूत्रपिंडावरील अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि स्त्रीबीजकोश यांना कामाचा हुकूम मिळतो तो येथूनच. गरोदरपणात ही ग्रंथी बरीच मोठी होते. तिचा रक्तपुरवठा मात्र त्या मानाने वाढत नाही. अशा वेळी प्रसूतीत अतिरक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला, तर ग्रंथीचा पुढचा भाग रक्तावाचून मृत होऊ शकतो. क्रॅकोव येथील ग्लिन्स्की यांनी 1913 मध्ये आणि हॅम्बुर्गच्या सिमंड्स यांनी 1914 मध्ये अशी नष्ट झालेली ग्रंथी शवविच्छेदनात पाहिली होती. ग्लासगोच्या प्रसूती रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ हॅरोल्ड शीहान यांनी 1937 मध्ये तिचा संबंध बाळंतपणातील रक्तस्रावाशी स्पष्टपणे जोडला.

ग्रंथी मेली तरी बाई जगते, आणि निदान हुकते ते येथेच. रक्त थांबले, जीव वाचला, सारे घर आनंदले. त्या दिवसाचा पुढच्या थकव्याशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. आजाराची पहिली खूण तर त्याच आठवड्यात दिसलेली असते. दूध तयार करविणारे प्रोलॅक्टिन याच ग्रंथीतून येते. ते नसले की बाळाला अंगावरचे दूध मिळत नाही. घरोघरी त्याचा दोष आईच्या खाण्यापिण्याला दिला जातो, दृष्ट काढली जाते, कधी सासूचे बोलही ऐकावे लागतात. वास्तविक ‘शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेले होते का, आणि त्यानंतर दूध आले होते का?’ एवढा एक प्रश्न विचारला असता, तर दहा वर्षांचे कोडे दहा मिनिटांत सुटण्याच्या मार्गाला लागले असते. या प्रश्नाला ना यंत्र लागते, ना पैसा. याचे उत्तर पुष्कळदा रुग्णाच्या फाइलीत नसते. ते त्या वेळी उशाशी बसलेल्या आईला किंवा जावेला ठाऊक असते.

तपासणीतही एक फसगत ठरलेली आहे. थायरॉईडसाठी बहुधा केवळ टीएसएच तपासले जाते. हे टीएसएच पीयूषिकेतूनच येते. तीच निकामी असेल, तर थायरॉईडचा स्राव खालावूनही टीएसएचचा आकडा ‘नॉर्मल’ छापून येऊ शकतो. अहवाल हाती येतो आणि सर्वांचे समाधान होते! म्हणून टी-फोर आणि सकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या रक्तातील कॉर्टिसोल पाहावे लागते. पुढे एमआरआयमध्ये ग्रंथीची खोबण बहुधा रिकामी दिसते. त्वचेचा रंगही मदतीला येतो. लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 मध्ये वर्णन केलेल्या आजारात अ‍ॅड्रिनल ग्रंथीच बिघडते, पीयूषिका तिला जोराने हाका मारीत राहते, आणि त्या हाकांमुळे त्वचा काळवंडते. येथे हाक मारणारीच गेलेली असल्याने रुग्ण फिकट पडते.

काश्मीर खोऱ्यात झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वीस वर्षांवरील प्रसूत स्त्रियांपैकी सुमारे 3 टक्क्यांना हा आजार असल्याचा अंदाज निघाला. त्यांतील बहुसंख्य बाळंतपणे घरी झालेली होती.

उपचार महाग नाहीत. त्यांचा क्रम मात्र चुकवू नये. आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्झिन. उलट केल्यास वाढलेल्या चयापचयाला कॉर्टिसोल पुरत नाही आणि रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. ‘स्टेरॉईड’ या शब्दाने पुष्कळ कुटुंबे बिचकतात आणि गोळी परस्पर बंद करतात. पण येथे गोळी म्हणजे शरीरात जे मुळात असायला हवे तेवढेच भरून देणे आहे.

आपल्या घरांत उपवासाचा प्रश्न येणारच. थायरॉक्झिन शरीरात सुमारे आठवडाभर रेंगाळते, त्यामुळे त्याचा एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही. हायड्रोकॉर्टिसोन मात्र काही तासांत संपते. म्हणून ज्या दिवशी ही गोळी घेता येणार नाही, असा उपवास या भगिनींनी करू नये. गोळी घेऊनही उपाशी राहायचे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यांची साखर लवकर उतरते. दिवसातील शेवटची मात्रा बहुधा सूर्यास्तापूर्वीच संपत असल्याने रात्रिभोजनत्यागाला मात्र अडचण येत नाही. तापात डॉक्टरांनी आधी सांगून ठेवल्याप्रमाणे मात्रा सहसा दुप्पट करतात. उलटीमुळे गोळी टिकत नसेल, तर हायड्रोकॉर्टिसोनचे 100 मिलिग्रॅमचे इंजेक्शन लागलीच द्यावे लागते. आजाराचे आणि औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी अशा भगिनीच्या पर्समध्ये कायम असावी आणि ती कोठे ठेवली आहे, हे घरातील प्रत्येकाला माहीत असावे.