विजेचा भाव आणि पाळीचे घड्याळ



कारखान्यांनी वीज कशी घ्यावी आणि कशी वापरावी या विषयावर बोलायला एखादा इंजिनिअर बोलवायचा सोडून चिटणीसांनी कामगार संघटनेचा माणूस का बोलावला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझे शिक्षण शाळेत फार झालेले नाही. जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या दारात झाले. पण या विषयावर बोलण्याचा कामगाराला हक्क आहे असे मी मानतो. कारखान्याने वीज केव्हा वापरायची हे एकदा ठरले, की कामगाराने केव्हा उठायचे, केव्हा जेवायचे आणि केव्हा झोपायचे हेही त्याच कागदावर ठरून जाते.

ही गोष्ट आजची नाही. मुंबईच्या गिरण्यांत १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले. त्याआधी गिरणीचा दिवस सूर्याबरोबर उगवे आणि सूर्याबरोबर मावळे. दिवे लागले आणि तोच दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. कामगारांनी त्याच वर्षी काम बंद पाडून निषेध केला, पण कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचे काम बारा तासांवर आणणारा कायदा व्हायला १९११ साल उजाडावे लागले. मधली वर्षे कामगाराने अंगावर काढली. दिव्याचा यात काही दोष नव्हता. दिवा कोणाच्या सोयीने लावायचा, हा खरा प्रश्न होता, आणि आजही प्रश्न तोच आहे.

आता थोडे बिलाकडे वळू. आपल्या घरचे बिल समजायला सोपे असते. कारखान्याच्या बिलात मात्र तीन निरनिराळे हिशेब एकत्र बांधलेले असतात.

पहिला हिशेब एकूण युनिटांचा. महाराष्ट्रात उच्च दाबाच्या ग्राहकांची आकारणी २०२० पासून केव्हीएएच या मापाने होते. म्हणजे यंत्राने वीज तिरकी ओढली तर तिचेही पैसे पडतात. गाडीचा एक बैल तिरका ओढू लागला म्हणजे जोर लागतो, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही, तसेच हे. योग्य जागी योग्य मापाचे कपॅसिटर बसवणे हा त्यावरचा जुना आणि स्वस्त उपाय आहे.

दुसरा हिशेब कमाल मागणीचा. महिन्यात पाव किंवा अर्धा तास जरी आपण एकदम जोराने वीज खेचली, तरी मीटर तो उच्चांक टिपून ठेवतो आणि त्यावर महिन्याचा स्थिर आकार बसतो. समजा, एका फाउंड्रीत ५०० किलोवॅटच्या दोन भट्ट्या आहेत. दोन्हींत धातू वितळवण्याची वेळ एकावर एक आली तर मागणी १००० वर जाते. एकीचे ओतकाम चालू असताना दुसरी वितळवू लागली तर मागणी बरीच खाली राहते. यासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. भट्टीवाल्यांनी एकमेकांशी बोलून वेळा लावल्या की काम भागते.

तिसरा हिशेब वेळेचा. आपल्या राज्यात कितीतरी वर्षे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उद्योगांना युनिटमागे दीड रुपया सवलत असे आणि संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत एक रुपया दहा पैसे अधिभार असे. एक टन लोखंड इंडक्शन भट्टीत वितळवायला ढोबळ मानाने ६०० युनिट लागतात असे धरा. संध्याकाळचा टन रात्रीवर नेला की टनामागे १५६० रुपयांचा फरक पडे. या एका आकड्याने किती घरांची रात्र खाल्ली याचा विचार करा. कोल्हापूरच्या फाउंड्र्या घ्या किंवा जालन्याचे पोलाद कारखाने घ्या, जिथे विजेचा खर्च कच्च्या मालाखालोखाल असतो तिथे मालकाचा डोळा रात्रपाळीवर राहणार हे उघडच आहे.

हे चित्र आता पालटत आहे. सूर्याची वीज दुपारी भरपूर येते आणि संध्याकाळी सूर्य मावळताच नाहीशी होते. नेमके तेव्हाच घराघरांत दिवे आणि पंखे लागतात. ती ओढ भागवायला कोयनेचे पाणी सोडावे लागते. घाटघरसारख्या २५० मेगावॅटच्या केंद्रात तर वीज मुबलक असताना पाणी वर चढवून ठेवतात आणि ओढ लागली की तेच खाली सोडतात. म्हणून केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये नियम केला, की दिवसाच्या सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि उद्योग-व्यापारासाठी ओढीच्या वेळचा दर नेहमीच्या किमान १.२ पट असावा. दहा किलोवॅटवरील मागणीच्या उद्योग-व्यापारी ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ ही मुदत होती. नेमके पैसे राज्याचा आयोग वेळोवेळी ठरवतो, पण दिशा ठरून गेली आहे. काल रात्र स्वस्त होती, आता दुपार स्वस्त होत आहे.

वीज विकत घेण्याचे मार्गही आता एकाहून अधिक आहेत. २००३ च्या वीज कायद्याने मोठ्या ग्राहकांना वितरण कंपनीबाहेरून वीज घेण्याचे दार उघडले. हरित विजेसाठी २०२२ च्या नियमांनी त्या दाराचा उंबरठा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणला. काही कारखाने मिळून सामाईक वीजकेंद्रही उभारू शकतात. त्यात वापरणाऱ्यांचा किमान २६ टक्के मालकी हिस्सा असावा लागतो आणि किमान ५१ टक्के वीज त्यांनीच वापरावी लागते. शिवाय २००८ पासून विजेचा बाजार भरतो. तिथे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करून प्रत्येकाचा भाव वेगळा निघतो.

मग यातले घ्यावे कोणते? आपल्या घरातली बाई हे उत्तम जाणते. ती वर्षाचे गहू-ज्वारी उन्हाळ्यात भरून ठेवते आणि भाजी मात्र रोजच्या रोज आणते. भाजीचा ती वर्षाचा करार करत नाही, आणि गहू रोज पावशेर आणत नाही. कारखान्यानेही तसेच करावे. जी वीज बारा महिने चोवीस तास लागणारच, तिचा दर दीर्घ कराराने बांधावा. दिवसाची वाढीव गरज छपरावरच्या किंवा सामाईक सौर केंद्रातून भागवावी. आणि जे काम पुढे-मागे ढकलता येते तेवढ्यापुरतेच बाजाराच्या भावावर विसंबावे. बाजारातला भाव पाहून हुरळून मात्र जाऊ नये. कारखान्याच्या दाराशी येईपर्यंत त्यावर पारेषण, वहन, वाटेतली तूट आणि अधिभार चढतात.

यातल्या अधिभाराचा आपल्याशी, म्हणजे गावकऱ्यांशी, थेट संबंध आहे. मोठे ग्राहक जो जादा दर देतात त्यातून शेतीपंपाची आणि गरिबाच्या दिव्याची वीज काही अंशी स्वस्त राहते. मोठे ग्राहक एकेक करून बाहेर पडले, तर तो भार मागे राहणाऱ्यांच्या माथी येतो. तेव्हा कारखान्याला स्वस्त वीज मिळणे चांगले, पण ती कोणाच्या खिशातून स्वस्त झाली हेही विचारले पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. भाव तासातासाला बदलणार, तर वापरही लवचिक हवा, असे सारे सांगतात. कबूल. पण लवायचे कोणी? माझे म्हणणे असे आहे, की आधी यंत्राने लवावे, मग मालाने, आणि माणसाने सर्वांत शेवटी.

यंत्राने लवायचे म्हणजे काय? दाबलेल्या हवेच्या नळ्यांतली गळती थांबवा. कॉम्प्रेसरचा दाब गरजेपेक्षा एक बारने जास्त असेल तर तो उतरवताच सहा ते दहा टक्के वीज वाचते. पंख्याचा वेग पाचव्या हिश्शाने कमी केला तर त्याची वीज जवळजवळ निम्म्यावर येते. भट्टीचे झाकण उघडे राहू देऊ नका. कोणत्या नळीतून शिटी वाजते आणि कोणते झाकण नीट बसत नाही, हे कचेरीपेक्षा खात्यातल्या माणसाला अधिक ठाऊक असते. त्याला विचारण्याची पद्धत पाडा. मालाने लवायचे म्हणजे शीतगृह दुपारी थोडे अधिक थंड करून संध्याकाळी यंत्र थांबवावे, पाण्याच्या टाक्या दुपारी भराव्यात, वाळू दुपारी तयार करून ठेवावी. एवढे सगळे करून मगच पाळीच्या घड्याळाला हात लावावा.

आणि घड्याळ हलवायचे ठरले, तरी सरळ फायदाच होईल असे नाही. रात्रपाळी शरीराला घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये तिची गणना बहुधा कर्करोगकारक गोष्टींत केली आहे. म्हणून दुपार स्वस्त होते याचा मला मनापासून आनंद आहे. कामगार रात्री आपल्या घरी निजेल. पण सध्याच्याच दिवसांचा विचार करा. बाहेर वैशाखवणवा पेटलेला असताना दुपारी दोन वाजता वितळलेल्या लोखंडासमोर उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. स्वस्त वीज नेमकी त्याच तासांत आहे. तेव्हा वाचलेल्या पैशांतून आधी हवा खेळती ठेवण्याची सोय, थंड पाणी, सावलीची जागा आणि पगारी विश्रांती झाली पाहिजे. आणि ऐन उन्हाळ्यात दोन तास महाग वीज वापरून सकाळी लवकर भट्टी लावावी लागली, तर तो खर्च कारखान्याने सोसला पाहिजे.

संध्याकाळी वीज महाग म्हणून खाते चार तास बंद ठेवायचे आणि कामगाराला मधे बिनपगारी बसवून पुन्हा रात्री बोलवायचे, ही लवचिकता नव्हे. तो त्याचा दिवस फुकटात घेणे आहे. पाळीत बदल करायचा तर आधी नोटीस द्यावी, हे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली, तरी एकवीस दिवसांच्या नोटिशीचे कलम तिच्यातही आहे. मी त्यापुढे जाऊन एवढेच मागतो, की नोटिशीबरोबर वीजबिलही टेबलावर ठेवा. बदलामुळे किती वाचणार ते दाखवा, आणि जो आपले घड्याळ बदलतो त्याला त्यातला वाटा द्या.

मालकांना यात तोटा नाही. ज्याला वाटा मिळतो तो झाकण स्वतःहून बंद करतो आणि गळती स्वतःहून सांगतो. वीज साठवणे अजून महाग आहे. माणसाची आपुलकी साठवायला मात्र काही खर्च येत नाही, फक्त त्याला हिशेबात धरावे लागते. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.